पंक पडद्यावर आलं, तेव्हा बरंचसं संपलं होतं

पंक रॉकवरचे सिनेमे एकापाठोपाठ एक पाहत गेलं की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. जवळपास प्रत्येक सिनेमा उशिरा आलेला आहे. 'सेक्स पिस्टल्स' हा लंडनचा बँड जानेवारी 1978 मध्ये फुटला आणि त्यांच्यावरचे दोन मोठे सिनेमे 1980 च्या सुमाराला लागले. लॉस एंजेलिसच्या 'जर्म्स' बँडचा गायक डार्बी क्रॅश डिसेंबर 1980 मध्ये गेला. ज्या माहितीपटाच्या पोस्टरवर तो डोळे मिटून आडवा पडलेला दिसतो, तो माहितीपट लोकांनी पाहिला 1981 मध्ये. वरात निघून गेल्यावर मांडवात पोचणाऱ्या पाहुण्यासारखा हा सिनेमा.

हे असं का झालं, ते कळलं की पंकचा पडद्यावरचा चढ-उतारही बराचसा कळतो. आधी पंक म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉक संगीत फार मोठं झालं होतं. स्टेडियममधले कार्यक्रम, ट्रकभर सामान, दहा-दहा मिनिटांची गिटारवादनं. ऐकणाऱ्या पोराला वाटायचं की हे आपल्या आवाक्यातलं काम नाही. पंकने ते सगळं उलटं केलं. तीन कॉर्ड, दोन मिनिटांचं गाणं, वेग दुप्पट आणि वाजवता येत नसलं तरी चालेल अशी वृत्ती. न्यूयॉर्कच्या 'रमोन्स' बँडची 1976 मधली पहिली तबकडी बघा. तिच्यावर 14 गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. ब्रिटनमध्ये याला रागाची धार आली, कारण तिथे दहा लाखांच्या वर लोक बेकार होते आणि त्याच वर्षी सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी हात पसरावा लागला होता. शाळा सोडलेल्या पोरांना पुढे काही दिसत नव्हतं.

आता सिनेमाचं बघा. त्याला पैसा लागतो, परवानग्या लागतात, संकलनाला महिने जातात, मग वितरक शोधायचा. पंकला या सगळ्याचं वावडं होतं. एखादा बँड मार्चमध्ये जमायचा, जूनमध्ये गाजायचा आणि पुढच्या वर्षी मोडायचा. त्याच्या वेगाने पळू शकेल असा एकच कॅमेरा त्या काळात होता: सुपर एट.

रिळात मावणारं गाणं

सुपर एट हा कोडॅकने 1965 मध्ये आणलेला घरगुती वापराचा फिल्मप्रकार. लग्न, बारसं, समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी टिपायला लोक तो घ्यायचे. 50 फुटांची फिल्म प्लॅस्टिकच्या डबीत बंद असे. डबी खटकन कॅमेऱ्यात बसवायची की झालं, अंधारात फिल्म गुंडाळायची कटकट नाही. सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने ती अडीच मिनिटं चालायची, 18 च्या वेगाने सव्वातीन मिनिटांच्या थोडं वर. म्हणजे एका डबीत पंकचं एक आख्खं गाणं मावायचं. हा योगायोगच, पण मला फार आवडणारा.

न्यूयॉर्कमध्ये सुरुवात झाली ती मात्र 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर. मॅनहॅटनच्या बावरी या तेव्हाच्या पडक्या रस्त्यावर हिली क्रिस्टल नावाच्या गृहस्थाने 1973 च्या अखेरीला एक बार उघडला. नाव सीबीजीबी. ही अक्षरं होती कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या संगीतप्रकारांची आद्याक्षरं. म्हणजे मालकाच्या मनात भलतंच संगीत होतं. तिथे वाजवायला आले 'टेलिव्हिजन', 'रमोन्स', पॅटी स्मिथ, 'ब्लाँडी', 'टॉकिंग हेड्स'. यातल्या बहुतेकांकडे तेव्हा रेकॉर्ड कंपनीचा करार नव्हता. एमॉस पो हा तरुण दिग्दर्शक आणि पॅटी स्मिथच्या बँडमधला झेक वंशाचा गिटारवादक इव्हान क्राल यांनी त्यांचं कृष्णधवल चित्रीकरण केलं. कॅमेऱ्याला आवाज टिपता येत नव्हता, म्हणून गाणी वेगळीकडून आणून चित्रावर चढवली. त्यामुळे 'ब्लँक जनरेशन' (1976) या त्यांच्या पटात ओठ एक म्हणतात आणि ऐकू दुसरंच येतं. तांत्रिकदृष्ट्या ही सरळसरळ चूक आहे. पण पाच मिनिटांनी ती खटकेनाशी होते, आणि 'ब्लाँडी'ची गायिका डेबी हॅरी कॅमेऱ्याकडे बघून तोंडं वेंगाडते तेव्हा कळतं की कॅमेऱ्यामागचा माणूस तिच्या ओळखीचा आहे.

लंडनमध्ये हेच काम डॉन लेट्सने केलं. आई-वडील जमैकातून आलेले, स्वतः ब्रिक्स्टनमध्ये वाढलेला, किंग्ज रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात काम करणारा हा काळा तरुण. कॉव्हेंट गार्डनमधल्या 'रॉक्सी' क्लबात तो तबकड्या लावायचा. 1977 च्या सुरुवातीच्या त्या काही महिन्यांत ब्रिटिश पंकच्या तबकड्या निघालेल्याच नव्हत्या जवळपास, मग लावणार काय? त्याने आपल्या घरचं रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत लावलं. गोऱ्या पंक पोरांना रेगेचं वेड लागलं ते इथून, आणि 'क्लॅश' या लंडनच्या पंक बँडच्या संगीतात ते कायमचं मुरलं. फॅशन मासिकात काम करणाऱ्या एका बाईंनी त्याला सुपर एट कॅमेरा भेट दिला. फिल्म महाग होती, त्यामुळे जे आवडलं तेवढंच त्याने टिपलं. लेट्स सिनेमा काढतोय असं छापून आलं, तेव्हा कुठे आपण सिनेमा काढतोय हे आपल्याला कळलं, असं तो गमतीने सांगतो.

त्यातून झालेला 'द पंक रॉक मूव्ही' (1978) चांगला सिनेमा आहे असं मी म्हणणार नाही. प्रकाश धड नाही, कॅमेरा हलतो, निवेदन नाही, कोण कोण आहे हे सांगायची तसदी नाही. पण कॅमेरा गर्दीत आहे. तो धक्के खातो. मंचावरचा आणि मंचाखालचा यांत त्याला फरक दिसत नाही, आणि पंकचं तेव्हाचं म्हणणंही नेमकं तेच होतं. शिवाय काही गोष्टी फक्त इथेच सापडतात. 'द स्लिट्स' हा मुलींचा बँड घ्या. त्यांची गायिका आरी अप सुरुवात केली तेव्हा चौदा वर्षांची होती. त्यांची पहिली मोठी तबकडी 1979 मध्ये आली, तोवर ड्रमवादक बदलली होती आणि सूरही बराच मवाळ झाला होता. आधीचा तो अस्ताव्यस्त, कानठळ्या बसवणारा अवतार बघायचा तर लेट्सच्या फिल्मकडेच जावं लागतं. वुल्फगांग ब्यूल्ड या जर्मन विद्यार्थ्यानेही 1977 मध्ये लंडनला येऊन 'पंक इन लंडन' केला. तो जास्त शिस्तीचा आहे, आणि मला वाटतं म्हणूनच थोडा दूरचा.

दोन मिनिटांचा टीव्ही आणि दोन वर्षांचा सिनेमा

सिनेमा मागे पडत होता त्या काळात टीव्हीने पंकला एका संध्याकाळीत देशभर नेलं. 1 डिसेंबर 1976. 'थेम्स टेलिव्हिजन'च्या 'टुडे' या संध्याकाळच्या थेट कार्यक्रमात 'क्वीन' बँड येणार होता, तो आला नाही, म्हणून ऐनवेळी 'सेक्स पिस्टल्स'ना बोलावलं. निवेदक बिल ग्रंडीने त्यांना डिवचलं, काहीतरी भयंकर बोलून दाखवा म्हणाला. त्यांनी बोलून दाखवलं. चहाच्या वेळी, लहान मुलं टीव्हीसमोर असताना, शिव्या. कार्यक्रम लंडन परिसरापुरताच दिसला होता, पण दुसऱ्या दिवशी बऱ्याच वर्तमानपत्रांची पहिली पानं त्याच बातमीने भरली. एका ट्रकचालकाने संतापून आपला टीव्ही लाथ मारून फोडल्याचंही छापून आलं. ग्रंडीला निलंबित केलं, बँडच्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम नगरपालिकांनी आणि सभागृहांनी रद्द केले, आणि जानेवारीत 'ईएमआय' कंपनीने करार मोडला.

बँडचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन याला यातून एक धडा मिळाला: गाण्यापेक्षा गोंधळ जास्त विकला जातो. तो आणि त्याची जोडीदार व्हिव्हियन वेस्टवुड किंग्ज रोडवर दुकान चालवायचे, आणि सेफ्टी पिनने जोडलेले फाटके कपडे ही पंकची ओळख बऱ्याच अंशी त्या दुकानातून आली. मॅक्लॅरनला सिनेमा हवा होता, आणि तोही मोठा. त्याने थेट हॉलिवूडकडच्या रस मेयर या दिग्दर्शकाला गाठलं, जो भडक, मादक सिनेमांसाठी प्रसिद्ध होता. पटकथा लिहिली रॉजर एबर्टने, हो, पुढे अमेरिकेतला सगळ्यात नावाजलेला चित्रपट समीक्षक झाला तोच. 'हू किल्ड बॅम्बी?' असं नाव ठरलं. चित्रीकरण सुरू झालं आणि एक-दोन दिवसांतच पैसा आटून बंद पडलं.

त्याच्या राखेतून 'द ग्रेट रॉक अँड रोल स्विंडल' (1980) उभा राहिला. दिग्दर्शक ज्युलियन टेंपल, चित्रपट शाळेतून नुकताच बाहेर पडलेला, सुरुवातीपासून बँडच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणारा. पण तोपर्यंत मूळ माल उरला नव्हता. अमेरिकेच्या दौऱ्यात, 14 जानेवारी 1978 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमात, गायक जॉनी रॉटनने प्रेक्षकांना विचारलं, आपण फसवले गेलो असं कधी वाटतं का? आणि बँड सोडला. सिनेमात काम करायला तो आलाच नाही. बेस वाजवणाऱ्या सिड व्हिशसवर मैत्रीण नॅन्सी स्पंजेनच्या खुनाचा आरोप झाला, आणि फेब्रुवारी 1979 मध्ये 21 व्या वर्षी तो अमली पदार्थांनी गेला. मग सिनेमात उरलं काय? मॅक्लॅरन स्वतः, हे सगळं माझंच कारस्थान होतं असं दहा धड्यांत समजावून सांगणारा. थोडी ॲनिमेशन. ब्रिटनमधल्या गाजलेल्या ट्रेन दरोड्यातला, ब्राझीलला पळून गेलेला रॉनी बिग्ज, बँडसोबत गाताना. आणि पॅरिसमध्ये एका जुन्या लोकप्रिय गाण्याची चाळण करणारा सिड, जो भाग खरोखर भन्नाट आहे.

इथे दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. पहिली, हा सिनेमा म्हणजे कोर्टातली एक बाजू आहे. रॉटनने, म्हणजे जॉन लायडनने, मॅक्लॅरनवर पैशांसाठी दावा लावला होता. तो 1986 मध्ये मिटला आणि हक्क बँडकडे आले. दुसरी, त्याच टेंपलने वीस वर्षांनी 'द फिल्थ अँड द फ्युरी' (2000) काढला. बरंचसं फुटेज तेच, पण या वेळी बोलतात ते बँडवाले, चेहरे अंधारात ठेवून. एकाच दिग्दर्शकाने तीच दृश्यं वापरून दोन विरुद्ध साक्षी उभ्या केल्या. माहितीपट म्हणजे सत्य असं मानणाऱ्या कुणालाही मी हे दोन्ही एका आठवड्यात पाहायला सांगेन.

त्या अमेरिकन दौऱ्याचं चित्रीकरण आणखी एकाने केलं. लेक कोवाल्स्कीने रेकॉर्ड कंपनीचा विरोध असताना, जमेल तसा कॅमेरा आत नेऊन. त्याच्या 'डी.ओ.ए.' मध्ये सिड आणि नॅन्सी पलंगावर मुलाखत देत आहेत आणि सिड वाक्याच्या मध्येच झोपी जातोय. पाहताना हसू येतं, मग येत नाही.

'क्लॅश'चं काय झालं तेही सांगतो. 'रूड बॉय' (1980) हा अर्धा माहितीपट, अर्धा कथापट. त्यात रे गेंज नावाचा चाहता बँडसाठी सामान उचलायचं काम करतो, दारू पितो, राजकारणावर काहीबाही बोलतो. मागे ब्रिटनमधला वंशद्वेषी 'नॅशनल फ्रंट', त्याविरुद्ध एप्रिल 1978 मध्ये व्हिक्टोरिया पार्कात झालेला प्रचंड कार्यक्रम, आणि शेवटी थॅचर बाई सत्तेवर. सिनेमा पूर्ण होईस्तोवर बँड या सगळ्याच्या पलीकडे गेला होता. त्यांना तो इतका नावडला की आम्हाला हा सिनेमा नको असे बिल्ले त्यांनी काढले.

या सगळ्यांत पुढचं ओळखणारा एकच निघाला, दिग्दर्शक डेरेक जारमन. त्याच्या 'जुबिली' (1978) मध्ये पहिली एलिझाबेथ राणी जादूने भविष्यात येते आणि तिला उद्ध्वस्त लंडन दिसतं, ज्यात पंक मुली टोळ्या करून हिंडतात. एक अतिश्रीमंत माध्यमसम्राट सगळं विकत घेत सुटला आहे, चर्च आणि राजवाडेसुद्धा, आणि शेवटी बंडखोर मंडळी त्याच्या बंगल्यावर आरामात पहुडतात. हे 1978 च्या फेब्रुवारीत आलेल्या सिनेमात. पंक मंडळी भयंकर चिडली. वेस्टवुडने तर जारमनला उद्देशून एक लांबलचक संतप्त पत्र टी-शर्टवर छापून विकलं. पत्र छापून विकायचं आणि सिनेमात विक्रीवर टीका आहे म्हणून रागवायचं, यातली गंमत तिच्या लक्षात आली नसेल असं मला वाटत नाही. सिनेमातला कोवळा अॅडम अँट तर दोन-तीन वर्षांत खरोखरच चकचकीत पॉप तारा झाला.

अमेरिकेत रॉजर कॉर्मन या स्वस्त सिनेमांच्या निर्मात्याला वेगळीच कल्पना सुचली होती. डिस्कोची लाट आहे तर शाळेवर एक डिस्को सिनेमा काढू. दिग्दर्शक ॲलन आर्कुशने त्याला पटवलं की डिस्को लावून शाळा उडवता येत नाही. म्हणून 'रॉक अँड रोल हायस्कूल' (1979) मध्ये 'रमोन्स' आले आणि शाळा उडाली. खुळा सिनेमा आहे, पण पंकमधला निव्वळ पोरकट आनंद त्यात जेवढा आहे तेवढा कुठेच नाही.

उघडा बल्ब आणि काही पोरं

पेनेलपी स्फिरिस हिच्याकडे जरा थांबून बघायला हवं, कारण माझ्या मते पंकवरचं सगळ्यात चांगलं काम तिचं आहे. लॉस एंजेलिसमध्ये तिने डिसेंबर 1979 ते मे 1980 या काळात 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' चित्रित केला. पैसा लावणाऱ्यांना मुळात अश्लील सिनेमा काढायचा होता, तिने त्यांना याकडे वळवलं, असं ती सांगते.

तोपर्यंत लंडन-न्यूयॉर्कमध्ये पंक ओसरलं होतं. लॉस एंजेलिसमध्ये मात्र ते रूप बदलत होतं आणि तो बदल कॅमेऱ्यासमोर घडला. आधीची हॉलिवूडची मंडळी चित्रकला शिकणारी, कवी, समलिंगी, मेक्सिकन वस्त्यांतून आलेली. ॲलिस बॅग ही गायिका पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन कुटुंबातली. नंतर समुद्रकाठच्या उपनगरांतून बलदंड गोरी पोरं आली आणि नाचाची हाणामारी झाली. गाणी आणखी वेगवान, आणखी छोटी. याला पुढे 'हार्डकोर' म्हणायला लागले. एकाच सिनेमात 'एक्स' या बँडचं काव्य आहे आणि 'फिअर' या बँडचं प्रेक्षकांना मुद्दाम चिडवून अंगावर घेणंही आहे. या दोन टोकांमधली फट दिसते, तिच्यातूनच पुढे बायका आणि वेगळे लोक बाहेर पडत गेले.

स्फिरिसची पद्धत साधी. ती गाण्यांचे शब्द खाली पट्टीवर दाखवते, कारण त्याशिवाय ते कळणं अशक्य. आणि चाहत्यांना एका उघड्या बल्बखाली बसवून प्रश्न विचारते. मारामारी का करता? घरी कोण आहे? ती खोडून काढत नाही, आश्चर्यही दाखवत नाही. मंचावर अडखळणारा, मायक्रोफोन सुटणारा डार्बी क्रॅश नंतर स्वयंपाकघरात न्याहारी करताना दिसतो, आणि हा किती लहान आहे हे एकदम जाणवतं. 'ब्लॅक फ्लॅग'चा गायक एका जुन्या चर्चमधली आपली राहायची जागा दाखवतो, जी कपाटापेक्षा थोडीच मोठी आहे. भाडं महिना सोळा डॉलर.

डार्बीने 7 डिसेंबर 1980 ला 22 व्या वर्षी स्वतःचा जीव घेतला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननचा खून झाला आणि ही बातमी त्याखाली गेली. सिनेमा लागला तेव्हा हॉलिवूड बुलेव्हार्डवर एवढी गर्दी लोटली की पोलिसांचा मोठा ताफा आला, आणि पोलीसप्रमुख डॅरिल गेट्सने हा सिनेमा शहरात पुन्हा दाखवू नये असं पत्रच दिलं. त्याच सिनेमाची 2016 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या यादीत नोंद केली.

खेळण्यातला पंक

1980 नंतर पडद्यावरच्या पंकचं काय झालं? तो उतरणीला लागला. पहिलं कारण, तो आधी खलनायक झाला, मग विनोद झाला. 'क्विन्सी' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या 1982 मधल्या एका भागात पंक कार्यक्रमात एका मुलाचा खून होतो आणि डॉक्टर नायक सगळा दोष त्या संगीताला देतो. खऱ्या पंकांनी त्यावरून एक शिवीच तयार केली: कपडेपटातून आल्यासारखा दिसणारा तो 'क्विन्सी पंक'. 'द टर्मिनेटर' (1984) मध्ये सुरुवातीलाच मार खायला तीन पंक उभे आहेत. 'स्टार ट्रेक'च्या 1986 मधल्या सिनेमात बसमध्ये मोठ्याने टेप लावणाऱ्या पंकला स्पॉक मानेला चिमटा काढून झोपवतो आणि अख्खी बस टाळ्या वाजवते. उभ्या केसांचा तुरा, साखळी, काळं जाकीट. एवढं दाखवलं की प्रेक्षकाला कळायचं, याला कुणीतरी झोडपणार आहे.

दुसरं कारण एमटीव्ही. 1 ऑगस्ट 1981 ला ही वाहिनी सुरू झाली आणि बँड आणि कॅमेरा यांचं नातंच बदललं. आता कॅमेरा बँडच्या मागे धावत नव्हता, कंपनी पैसे देऊन त्याला बोलवत होती. लेट्सने 'क्लॅश'साठी केलेल्या 'लंडन कॉलिंग' गाण्याच्या व्हिडिओची गोष्ट या दोन काळांच्या मधली आहे. 1979 च्या डिसेंबरात बॅटरसी इथे थेम्स नदीत बोटीवर कॅमेरा आणि धक्क्यावर बँड असा बेत होता. नदीला भरती-ओहोटी असते हे त्याच्या ध्यानात नव्हतं, त्यामुळे सगळा हिशेब चुकला. त्यात अंधार पडला आणि पाऊस लागला. आज तो पाऊसच त्या व्हिडिओची ओळख आहे.

आणि तिसरं कारण, दंतकथा. ॲलेक्स कॉक्सने 1984 मध्ये 'रेपो मॅन' हा पंकच्या वृत्तीचा पण पंकवर नसलेला अफलातून सिनेमा केला, आणि 1986 मध्ये 'सिड अँड नॅन्सी'. गॅरी ओल्डमनचा अभिनय थक्क करणारा आहे. पण दोन व्यसनी पोरांचा अंत हळुवार प्रेमकथेसारखा दिसतो, हे लायडनला अजिबात रुचलं नाही आणि त्याने ते जाहीरपणे सुनावलंही. इथून पुढे बहुतेक कथापटांत पंक म्हणजे मेलेल्या माणसांची गोष्ट.

कात टाकली ती न्यूयॉर्कच्या काही सुपर एटवाल्यांनी. 1970 च्या अखेरीला बेथ बी आणि स्कॉट बी, व्हिव्हियन डिक, एरिक मिचेल ही मंडळी संगीताचं चित्रीकरण सोडून त्याच कॅमेऱ्यावर, त्याच मित्रांना घेऊन गोष्टीच सांगायला लागली. सुसान साइडेलमनचा 'स्मिदरीन्स' (1982) कान महोत्सवात स्पर्धेत गेला. दिग्दर्शक जिम जार्मुश याच वस्तीतून आला. अमेरिकन स्वतंत्र सिनेमाचा पुढचा बराच पसारा यातून वाढला. पंक सिनेमा कुठे गेला असं कुणी विचारलं तर मी इकडे बोट दाखवीन. यांच्या पटांत गिटार क्वचितच दिसते, पण परवानगीची वाट न बघता चित्रीकरणाला लागायची सवय तीच आहे.

स्फिरिस मात्र फिरून तिथेच आली. 1992 मध्ये 'वेन्स वर्ल्ड' हा तुफान चाललेला विनोदी सिनेमा तिने केला, आणि त्या काळातल्या कमाईतले स्वतःचे पैसे घालून 'डिक्लाइन'चा तिसरा भाग (1998). त्यातली पोरं दिसायला 1980 सारखीच आहेत, तोच तुरा, तेच खिळे. पण ही खरोखर रस्त्यावर राहणारी, घरच्या मारहाणीतून पळालेली. आपण पाच वर्षांनी कुठे असू या प्रश्नाला ती जी उत्तरं देतात ती ऐकवत नाहीत. या भागाला धड वितरकही मिळाला नाही. तिन्ही भाग घरी नीट पाहता येतील असे बाजारात आले ते 2015 मध्ये. स्फिरिसने नंतर निराधार मुलांना आपल्या घरी सांभाळायचा परवाना काढला आणि काही मुलं सांभाळली.

उशिराचा प्रश्न सुटला तो फोन आणि इंटरनेट आल्यावर. मॉस्कोच्या मुख्य कॅथीड्रलमध्ये फेब्रुवारी 2012 मध्ये 'पुसी रायट' या रशियन पंक गटाच्या बायकांनी जे निषेधगीत गायलं ते मिनिटभरसुद्धा चाललं नसेल, पण ते व्हिडिओसाठीच केलेलं होतं आणि लगेच जगभर पाहिलं गेलं. शिक्षा मात्र दोन वर्षांची झाली. दुसऱ्या टोकाला 2022 मधली 'पिस्टल' ही मालिका. डॅनी बॉइलची, डिस्नेच्या पैशांची. लायडन गाणी वापरू देईना म्हणून जुने साथीदार कोर्टात गेले, आणि लायडन हरला. जारमन तेव्हा हयात नव्हता, नाहीतर त्याला फार मजा वाटली असती.

पाहायला कुठून सुरुवात करावी? 'डिक्लाइन'चा पहिला भाग. मग 'द फिल्थ अँड द फ्युरी', आणि त्यानंतरच 'स्विंडल', म्हणजे कोण कुणाला गंडवतोय ते ओळखता येईल. हलकंफुलकं हवं तर स्वीडनचा 'वी आर द बेस्ट!' (2013), ज्यात 1982 च्या स्टॉकहोममधल्या दोन शाळकरी मुली वाजवता येत नसताना बँड काढतात आणि गिटार येणाऱ्या तिसरीला सोबत घेतात. कथापटांत माझा सगळ्यात आवडता हाच. आणि 'रूड बॉय'? त्यात गाणी सुरू झाली की आवाज वाढवायचा आणि संवाद सुरू झाले की चहा टाकायला उठायचं. डीव्हीडी काढणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं, कारण त्यांनी कथा वगळून फक्त 'क्लॅश'ची गाणी लागोपाठ पाहायची सोय तीवर करून ठेवली आहे.